स्टिअरिंग सर्वोचा हॉर्न मधोमध बसेना, तेव्हा

रिमोटवर चालणाऱ्या 1/10 मापाच्या बगीत नवा स्टिअरिंग सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बसवणं हे अर्ध्या तासाचं काम. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली, आणि तीही एका हॉर्नपायी, म्हणजे सर्वोच्या फिरत्या शाफ्टवर बसणाऱ्या दांडीपायी. सोबतच्या पत्रकात एकच ओळ: सर्वो मध्यावर आणा, हॉर्न काटकोनात बसवा. तो काटकोनात बसतच नसेल तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सर्वो मध्यावर आणणं सोपं आहे. हॉर्न काढून ठेवा. रिमोटवर ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्य थोडा सरकवणाऱ्या सेटिंग्ज) शून्य, ड्युअल रेट (वळण्याचं प्रमाण) 100 टक्के. चाकं जमिनीपासून उचललेली हवीत. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट. 1500 मायक्रोसेकंदांचा सिग्नल मिळाला की शाफ्ट मध्यावर जाऊन थांबतो.

आता हॉर्न. माझा शाफ्ट 25 दात्यांचा, म्हणजे एक दाता 14.4 अंशांचा. हॉर्न दाबला तर दांडी सात अंश डावीकडे कललेली. उचलून एक दाता पुढे सरकवला तर तेवढीच उजवीकडे. मधली जागाच नाही! मी सब-ट्रिमने ओढून सरळ केली, तिथेच चुकलं. सात अंश म्हणजे साधारण 80 मायक्रोसेकंद. तेवढी हालचाल एका बाजूची कमी झाली आणि गाडी उजवीकडे झटकन, डावीकडे लांबलचक वळसा घेऊन वळू लागली.

उपाय डब्यातच होता: चार दांड्यांचा प्लास्टिकचा हॉर्न. 90 ला 14.4 ने भागलं की 6.25 येतात. पूर्ण आकडा येत नाही, म्हणूनच शेजारची दांडी वापरली की पाव दात्याचा, म्हणजे 3.6 अंशांचा फरक पडतो. चारही दांड्या आळीपाळीने लावून बघा, एखादी दोन अंशांच्या आत येतेच. माझी चूक अर्ध्या दात्याची होती, त्यामुळे बरोबर समोरची दांडी चपखल बसली. किती हायसं वाटलं! उरलेल्या तिन्ही कटरने छाटल्या. 23 दाती शाफ्टलाही हे चालतं. 24 दातीला नाही. तिथे 90 भागिले 15 बरोबर 6, चारही दांड्या सारख्याच पडतात. एका दांडीच्या ॲल्युमिनियम हॉर्नला मात्र सब-ट्रिमशिवाय गत्यंतर नाही.

आणि काटकोन कशाशी? सर्वोच्या डब्याशी नव्हे, हॉर्नला जोडलेल्या लिंकशी, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या सळईशी. सर्वो तिरका बसत असेल तर हे हमखास चुकतं.

मग चाकं टर्नबकलने, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळईने, सरळ करा. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे न काढता जागेवरच फिरवून लांबी बदलते. सर्वांत शेवटी एंड पॉइंट (सर्वो कुठवर वळावा याची रिमोटवरची मर्यादा), डावा-उजवा वेगवेगळा. चाक पूर्ण वळल्यावरही सर्वो घुंऽऽ करत राहिला तर आकडा कमी करा, आवाज थांबेपर्यंत. तो अडलेला सर्वो भरपूर करंट ओढतो, तापतो, आणि व्होल्टेज पडून रिसीव्हर (गाडीतला सिग्नल घेणारा भाग) मधेच बंद होऊ शकतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डावीकडून परतताना चाकं एका जागी आणि उजवीकडून परतताना दुसऱ्याच जागी थांबत असतील, तर सेंटरिंगच्या मागे लागू नका. लिंक सोडवा, चाकं हाताने वळवून कुठे अडकतंय ते बघा. अडकत नसेल तर बहुधा सर्वो सेव्हरची (धक्क्यापासून सर्वोला वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ढिली आहे, ती आवळा.