लेक फोर्कवर तीन दिवस, पिशवीत रवा घेऊन

मार्चच्या मध्यावर टेक्सासमधल्या डॅलसहून निघालो तेव्हा मेव्हण्याच्या पिशवीत रवा, तिखट, हळद आणि आगळाची बाटली होती. मालवणचा माणूस. मासे पकडायला जायचं म्हणजे रात्री ते ताटात हवेत, एवढं साधं गणित. लेक फोर्क या तलावाचा नियम मी त्याला वाटेत सांगितलाच नाही.

डॅलसपासून पूर्वेला गाडीने साधारण दीड तास. १९८० साली धरणात पाणी अडवलं, पसारा सुमारे २७,००० एकर. बरीचशी झाडं न तोडताच पाणी चढू दिलं, त्यामुळे राखाडी खोडं अजून वर डोकावतात. दिसतात त्यांची भीती नाही, पाण्याखाली वीतभर दडलेली वाईट. आम्ही एकदा खुणेचे बोये सोडून ‘जवळच्या वाटेने’ गेलो आणि खाडकन आवाज झाला. पंख्याचं एक पातं वाकलं, भाड्याच्या बोटीची अनामत गेली. बोये सोडू नका.

पहिला दिवस माझ्यामुळे फुकट गेला. पहाटे थंडीत कुडकुडत खोल पाण्यात गळ टाकत बसलो. वसंतात बास, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. पाणी १६-१७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की हालचाल सुरू. म्हणून दुसऱ्या दिवशी आरामात चहा पिऊन, ऊन चढल्यावर, उत्तरेकडच्या वाऱ्याआडच्या खाचांमध्ये शिरलो. तिथलं पाणी आधी तापतं. पोलराइज्ड चष्मा मात्र हवाच. त्याच्याशिवाय तळावरचे ताटाएवढे फिकट गोल दिसत नाहीत, आणि तीच घरटी.

आमिष म्हणून रबरी गांडूळ, गळ मधोमध टोचलेला, वजन काही नाही. टाकायचं आणि हात आवरायचा. ते आपोआप थरथरत खाली जातं. दोर अचानक आडवा सरकू लागला आणि मेव्हणा ओरडलाच. काढला तर २१ इंची मादी, पोट अंड्यांनी टम्म. हात ओला करून अंगठा तिच्या खालच्या ओठात घातला की ती गप्प राहते. ओठ आतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो.

तेव्हा कुठे नियम सांगितला: इथे १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही.

“भावोजी, ह्यो मासो सोडूचो?”

सोडला. मेव्हणा अर्धा तास बोलला नाही. घरट्यावर पहारा देणारा नर पकडण्याबद्दल दुमत आहे, पण नर उचलला की छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. आम्ही नर दिसला की पुढे सरकलो.

परवाना ऑनलाइन काढा. १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. माप घ्यायची पट्टी बोटीतच ठेवा, अंदाज चालत नाही.

आणि घरच्यांना मासे कबूल करून आला असाल तर क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या छोट्या माशाच्या मागे लागा. मार्चमध्ये तो किमान १० इंच हवा. तिसऱ्या संध्याकाळी पुलाच्या खांबांपाशी मिन्नोवर, म्हणजे आमिषाच्या बारीक माशांवर, आठ मिळाले. आगळ चोळून, रव्यात घोळवून तव्यावर टाकले तेव्हा मेव्हणा खुलला. काटे कमी आहेत म्हणाला. चवीबद्दल मात्र, “पापलेट नाय.”