तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात कोणाला किती प्रश्न?

"आमच्या शाळेत मुलामुलींना सारखंच वागवतात असं बाई म्हणतात, ते खरं की नाही हे कसं ओळखायचं?" पालकसभेनंतर हा प्रश्न हमखास येतो. मोजून ओळखायचं. बाई खोटं बोलत नसतात. शिकवताना कोणाला किती वेळा उभं केलं, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तासाला मागच्या बाकावर शाळेतल्याच दुसऱ्या बाईंनी बसावं. पालक बसले की वर्ग सावध होतो. कागदावर मधोमध रेघ मारायची. इकडे मुलगे, तिकडे मुली. दर प्रश्नाला एक खूण, 'का' किंवा 'कसं' विचारलं तर त्या खुणेभोवती गोल. ओरडा वेगळ्या रकान्यात मांडा, नाहीतर दहा वेळा म्हटलेलं 'गप्प बस'सुद्धा लक्ष दिल्यात जमा होतं. शेवटी खुणांना पटाने भागा: 28 मुलगे आणि 20 मुली असतील, तर 14 आणि 10 खुणा ही सारखीच वाटणी. गणित, मराठी, विज्ञान असे निदान तीन तास तरी बघा.

हात वर न करता ओरडून दिलेलं उत्तर चालवून घेतलं, की वर्ग मोठ्या आवाजाचा होतो. प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजावेत आणि मग चिठ्ठीत येईल ते नाव घ्यावं.

सगळ्यात मोठं नुकसान प्रयोगशाळेत होतं. ओहमच्या नियमाचा प्रयोग, चौघांचा गट. वायरी आणि ॲमीटर, म्हणजे वीजप्रवाह मोजायचं यंत्र, मुलांच्या हातात. 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून वही मुलीकडे. वर्षभर नुसती रीडिंगं लिहिलेली मुलगी परीक्षेत ॲमीटर एकसरीऐवजी समांतर जोडते, आणि मग 'मुलींना फिजिक्स जमत नाही' असं ऐकवलं जातं. हा सरळ अन्याय आहे. दर रीडिंगला कामं फिरवा: जोडणं, वाचणं, लिहिणं, तपासणं. चार रीडिंगांत चौघांचे हात सगळ्याला लागतात.

हजेरीपटात आधी सगळे मुलगे आणि मग मुली असतील, तर आडनावाप्रमाणे एकच यादी करायला सांगा. मुंबईत बऱ्याच शाळांचं मैदान म्हणजे इमारतीपुढची फरसबंद जागा. क्रिकेटचा एक डाव मांडला की ती संपते आणि मुली भिंतीला टेकून डबा खातात. आठवड्यातले दोन दिवस बॅट कपाटात, मैदानावर सगळ्यांची लंगडी.

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. तरीही पाहुणे आले की औक्षणाला मुली आणि बाक हलवायला मुलगे, ही वाटणी अजून चालते. बाक उचलायला दोघं लागतात. एक मुलगा, एक मुलगी अशी जोडी लावली तरी तो उचलला जातो.