नऊच्या आत डंबेल: केळदमधली एक रात्र

पुण्यातून निघायला दुपारचे दोन वाजले आणि अर्धी रात्र तिथेच हातची गेली. चेलाडी फाट्याच्या अलीकडे मिसळीसाठी थांबलो ती आणखी एक चूक. मिसळ चांगली होती, हे कबूल.

कार्तिक अमावास्येला लागून आलेला शनिवार होता. आदली, म्हणजे दिवाळीतली अमावास्या आम्ही ठरवून सोडतो. फटाक्यांचा धूर दोन-दोन दिवस हवेत तरंगत असतो आणि घरून निघायची परवानगी मिळत नाही ते वेगळंच. या वेळी एकच लक्ष्य होतं: एम २७, म्हणजे डंबेल नावाचा तेजोमेघ. शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलनिरीक्षकाने १७६४ च्या जुलैत तो नोंदवला. ग्रहीय तेजोमेघांपैकी, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांपैकी, माणसाला सापडलेला हा पहिला. त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ७.५ च्या आसपास आहे, त्यामुळे साध्या दुर्बिणीलाही तो दाद देतो आणि नवख्या कॅमेरेवाल्यालाही.

केळद हे वेल्ह्याच्याही पुढचं गाव. सातारा रस्त्यावरून चेलाडीला उजवीकडे वळायचं, नसरापूर, वेल्हे, मग भट्टीची खिंड चढून पलीकडे उतरायचं. पुढे मढे घाट आणि त्याच्या खाली थेट कोकण. जागा निवडताना लोक फक्त ‘अंधार किती’ एवढंच विचारतात. मी आधी दिशा विचारतो. नोव्हेंबरातल्या संध्याकाळी डंबेल पश्चिमेला असतो आणि केळदहून पुण्याचा उजेड ईशान्येला, म्हणजे पाठीशी. समोर कोकण. नैर्ऋत्येला महाडकडचा पट्टा थोडा उजळलेला दिसतो, पण डंबेल त्याच्या बराच उजवीकडे मावळतो. हाच तेजोमेघ सिंहगडाच्या आसपासच्या एखाद्या फार्महाउसवरून पाहिलात तर निम्मा दिसेल.

आता वेळेचं गणित, कारण सगळं घोडं तिथे अडतं. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्ण काळोख व्हायला सव्वासात वाजतात. त्या वेळी डंबेल क्षितिजापासून ५० अंशांच्या जरा वर असतो. नऊ वाजता तो तिशीच्या खाली घसरतो आणि तिथून पुढे हवेचा जाड थर, धूळ, दव असं सगळं एकदम अंगावर येतं. थोडक्यात, फोटोसाठी हातात पावणेदोन तास.

आम्ही साडेपाचला पोहोचलो. ज्यांच्या खळ्यावर दर वेळी मुक्काम करतो त्या काकांनी चहा ठेवला होता. चहाला नाही कसं म्हणणार? सामान उतरेपर्यंत अंधार पडला आणि माउंट, म्हणजे कॅमेऱ्याची दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणारी बैठक, लावायचं काम टॉर्चच्या उजेडात आलं.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव जेमतेम १८ अंशांवर असतो. युरोपातल्या माणसाला तो डोक्याच्या निम्म्यावर दिसतो, आपल्याला मात्र झाडांच्या शेंड्यांतून शोधावा लागतो. इक्वेटोरियल माउंट खळ्याच्या मधोमध मांडलं, पातळी साधली, वजनं चढवली, ध्रुव पाहायच्या भिंगाला डोळा लावला तर समोर आंब्याचं झाड. सगळं उचलून वीस पावलं पूर्वेला नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात आणखी एक खास आपल्या अक्षांशाची कटकट: माउंट इतकं खाली झुकवलं की वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या पायाला घासतो. आम्ही उत्तरेकडचा पाय थोडा वळवून जागा केली. हे घरी गच्चीवर एकदा करून बघा, काळोखात पहिल्यांदा करू नका. पहिली फ्रेम पडली तेव्हा घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्या मधल्या वेळात मी माझ्या आठ इंची डॉब्सोनियनवर, म्हणजे साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीवर, बसलो होतो. हा तेजोमेघ जंबुक या अगदी फिक्या तारकासमूहात आहे, त्यामुळे जंबुकाच्या नादी लागूच नका. अभिजित, हंस आणि श्रवण यांचा मोठा त्रिकोण ओळखा. श्रवणच्या उजवीकडे, जरा वर, शर या छोट्या तारकासमूहाचे चार तारे सापडतात. मावळताना हा बाण टोक वर करून उभा असतो. टोकाच्या ताऱ्यापासून उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, साधारण तीन अंश सरका. १० × ५० च्या बायनॉक्युलरमध्ये टोक आणि तेजोमेघ एकाच वेळी बसतात. ताऱ्यांच्या गर्दीत एकच ठिपका पुसट दिसतो, तोच डंबेल.

दुर्बिणीत २५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग), म्हणजे ४८ पट. राखाडी, मधे चिमटलेलं, खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखं काहीतरी. त्यावर ओ-थ्री फिल्टर चढवला आणि सफरचंदाच्या खाल्लेल्या बाजूही भरून आल्या, आकार जवळजवळ अंडाकृती झाला. ही करामत ऑक्सिजनची. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने अशाच एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा न दिसता त्याला मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. त्यांतल्या हिरव्या रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ असं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, अतिविरळ अवस्थेतला ऑक्सिजन आहे. फिल्टर नेमक्या त्याच रेषा आत सोडतो आणि बाकी उजेड अडवतो. एकच उपकरण विकत घ्यायचं असेल तर नवा आयपीस नको, हा फिल्टर घ्या.

काकांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भिंगाला वाफ धरलीया जनू.”

मी समजावायला लागलो, की ती वाफ नाही काका, तो मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू आहे, त्याच्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघा म्हणजे उठून दिसेल वगैरे. ते मान डोलावून गेले. मी पुन्हा डोळा लावला तर आसपासचे तारेही पुसट. दुय्यम आरशावर खरोखरच दव बसलं होतं.

घाटमाथ्यावर नोव्हेंबरात दव भिजवतं. खालून कोकणातली दमट हवा वर चढते आणि नऊच्या आत गाडीच्या टपावरून पाणी ओघळू लागतं. कॅमेऱ्याच्या दुर्बिणीला आम्ही गरम पट्टी बांधली होती, डॉब्सोनियनला काहीच नव्हतं. हेअर ड्रायर नेला होता, पण तो चालवायला वीज घरातच. शेवटी दुर्बिणीच्या तोंडाला योगा मॅट गुंडाळून लांब नळी केली, तिने पुष्कळ भागलं. मॅट आधीपासून लावा.

कॅमेऱ्याची बाजू थोडक्यात सांगतो. मित्राची ८० मिमीची अपवर्ती, म्हणजे भिंगाची, दुर्बीण, फोकल लेंग्थ ४८० मिमी, बदल न केलेला डीएसएलआर, आयएसओ १६००, प्रत्येकी ६० सेकंद. आठ-पाच ते नऊपर्यंत ४६ फ्रेम मिळाल्या. वाऱ्याने सात खराब केल्या, चार गावातल्या एका मोटारसायकलच्या दिव्याने. उरल्या ३५. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला लागणाऱ्या डार्क फ्रेम तिथेच, त्याच थंडीत, झाकण लावून घ्या, घरी आल्यावर कॅमेऱ्याचं तापमान वेगळं असतं. फ्लॅट, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायच्या फ्रेम, आम्ही पहाटे दुर्बिणीवर पांढरा बनियन ताणून उजळत्या आकाशाचे घेतले. फोकस आणि दुर्बिणीत कॅमेरा बसवलेला कोन तोवर बदलायचा नाही, एवढं पथ्य. घरी सिरिल या संगणक प्रणालीत सगळ्या फ्रेम एकावर एक रचल्यावर मधलं हिरवट निळं अंग स्वच्छ आलं, कडेचा हायड्रोजनचा लाल मात्र फिका. कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर तो लाल बराचसा खातो. गाभ्यातला पांढरा बटू तारा दिसतो, तेवढ्यावर आम्ही खूश आहोत.

नऊनंतर कॅमेरा दक्षिणेला कुंभेतल्या हेलिक्स या दुसऱ्या ग्रहीय तेजोमेघाकडे वळवला. पसारा चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका, पण उजेड इतका पातळ पसरलेला की सर्वांत कमी पट आणि ओ-थ्री असल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. युरोपवाल्यांना तो क्षितिजाला चिकटलेला मिळतो, आपल्याला चांगला वर, तेव्हा सोडू नका. मला मात्र त्या रात्री सर्वांत आवडला तो देवयानीतला इवलासा ग्रहीय तेजोमेघ, एनजीसी ७६६२. १२० पटीला स्वच्छ गोल, निळसर बिंब, अगदी युरेनससारखं. विल्यम हर्शेलने या जातीला ‘ग्रहीय’ का म्हटलं असेल ते हा पाहिल्यावर कळतं. ग्रहांशी या तेजोमेघांचा एरवी काही संबंध नाही.

जेवायला पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. काकांनी अंगणातला दिवा न सांगता बंद केला होता, पण रस्त्यावरचा एलईडी कोणाच्याच हातात नाही, तेव्हा जागा घराच्या आडोशाने धरा. खिंडीनंतर मोबाइलची रेंज भरवशाची नाही, आकाशाचे नकाशे पुण्यातच उतरवून ठेवा. गवतात बूट घालूनच फिरा. आणि दुर्बिणीसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी न्या. गाडीच्या बॅटरीवर रात्र काढली तर सकाळी भट्टीच्या चढाला धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

नोव्हेंबर हुकला तर एप्रिलच्या शेवटाची अमावास्या बघा. तेव्हा पहाटे साडेतीनला डंबेल पूर्वेला ५० अंशांवर असतो आणि चढत जातो, पण पावणेपाचला फटफटायला लागतं आणि पुण्याचा उजेड त्याच अंगाला येतो. आम्ही डिसेंबरची वाट न बघता पुढच्याच शनिवारी पुन्हा जाणार आहोत, चंद्र असला तरी. फक्त माउंट लावायचा सराव करायला, दुपारी चारच्या आत, त्या आंब्याच्या पूर्वेला.