मशीनला लावण्याआधी

"आज शाळेत काय झालं?" हा प्रश्न मुलांना विचारून काही हाती लागत नाही. शाळा, मैदान, क्लास, जाता-येता रिक्षातली भांडणं, एवढं सगळं करून आलेलं पोर दप्तर सोफ्यावर टाकतं आणि म्हणतं, "काही नाही." मी आता विचारतच नाही. रात्री जेवणं आटोपली की धुणं वेगळं करायला बसते, आणि जे काय झालं असेल ते तिथे कळतं.

थोरला सातवीत आहे, मल्लखांबाला जातो. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, अंग घासू नये, सरकावं म्हणून. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी हा खेळ नावारूपाला आणला असं सर सांगतात. त्यांच्या घरी ते एरंडेल कोण काढायचं, हे मात्र मला कुणी सांगत नाही. सराव संपला की थोरला तेलकट अंगावर तसाच टी-शर्ट चढवतो आणि ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरापर्यंत चालत येतो. त्याच्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. खांबाच्या टोकाला बोंड म्हणतात आणि त्याच्या खाली मान असते, एवढंच माहीत. पण टी-शर्ट वाचायला मी शिकले. तेल नुसतं छातीवर असेल तर नेहमीच्याच उड्या. पाठीवरही उमटलं असेल तर आज काहीतरी नवीन, बहुतेक उलटं, शिकवलेलं असणार.

एकदा टी-शर्ट अगदी कोरडा निघाला. तेलाचा थेंब नाही. कॉलरजवळ मात्र नारिंगी-लाल ठिपका, त्याच्याभोवती पिवळसर कड. ठाण्यात राहणाऱ्या कुठल्याही बाईला ही कड ओळखता येते. मामलेदारच्या मिसळीची तर्री. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ताटात आमटी वाढताना सहज विचारलं, "तिखट होती का रे फार?" घास तोंडातच राहिला त्याचा. अजून त्याची खात्री आहे की आईची कुणीतरी ओळखीची बाई तिथे मिसळ खात बसली होती. मीही ती खात्री मोडलेली नाही.

डागांचं शास्त्र मला सासूबाईंनी आणि थोडंफार चुलत नणंदेने शिकवलं. एरंडेलावर आधी पाणी घालायचं नाही. डाळीचं पीठ किंवा पावडर भुरभुरून ते तेल पिऊ द्यायचं, मग भांड्यांचा लिक्विड चोळायचा. गुडघा फुटून पँटला रक्त लागलं असेल तर थंडच पाणी, गरम घातलं की ते कायमचं बसलं. हळदीचा डाग साबण लागल्यावर लालभडक होतो आणि नवखी माणसं घाबरतात. घाबरायचं काही नसतं, उन्हात टाकला की उडून जातो. फक्त ऊन पाहिजे. जूनमध्ये पडलेली हळद आमच्याकडे गणपतीपर्यंत मुक्कामाला असते.

जाहिरातीतल्या आया चिखलाने माखलेलं पोर बघून गोड हसतात. त्यांना हसायला काय जातंय, त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शनिवारचा पांढरा गणवेश लागत नाही. पावसात आमच्या कप्पीच्या दांड्यांवर कपडे दोन-दोन दिवस लोंबत असतात आणि त्यांच्याखालून वाकून जायची आम्हाला इतकी सवय झालीय, की दांड्या रिकाम्या असल्या तरी आम्ही वाकतो. बाल्कनीच्या कठड्यावर टाकायचे नाहीत, सोसायटीची शोभा जाते. सोसायटीत मुलं किती, हे मोजून एकदा शोभेचा विचार करायला हवा.

धाकटी तिसरीत. तिला कुठल्याच क्लासला घातलेलं नाही, पण मळण्यात ती थोरल्याच्या कितीतरी पुढे आहे. रविवारी बाबाबरोबर येऊरला जायचं हा तिचा नेम. राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. बिबट्या दिसेल म्हणून जाते, दिसत नाही, आणि चिखल, पाला, किडे आणि आघाडा घेऊन परत येते. भाद्रपदात जांभळी नाक्यावरून गौरीसाठी पैसे मोजून आणायचा तोच हा आघाडा. दिवाळीनंतर तो मोज्यांना चिकटून फुकट घरी येतो. मशीन त्याच्यापुढे हात टेकतं, एकेक बी नखांनी ओढून काढावं लागतं. जनावरांच्या केसांना अडकून लांबवर जायचं आणि तिथे रुजायचं, अशी त्याची युक्ती. आमच्याकडे ते टीएमटीच्या बसने येतं.

मागच्या गॅदरिंगला हिच्या वर्गाने ठाण्याची पहिली आगगाडी बसवली होती. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, सगळं पाठ. गाडी ओढायला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. धाकटी सुलतान. इंजिन काळं दिसायला हवं म्हणून बाईंनी काजळ लावलं, आणि सुलतानने गडकरी रंगायतनच्या विंगेत उभं राहून घाम पुसला तो पांढऱ्या शर्टाच्या बाहीला. काजळ म्हणजे तेल आणि काजळी, दोन्ही एकत्र. पीठ झालं, लिक्विड झाला, लिंबू झालं. ती बाही आजही राखाडी आहे आणि त्या शर्टाला घरात सुलतान म्हणतात.

हल्ली एक बदल झालाय. थोरला आपले कपडे आपणच मशीनला लावतो. मी सांगितलेलं नव्हतं. क्लासवरून आला की टी-शर्ट, चड्डी, पंचा थेट आत, झाकण बंद, बटण दाबलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गुणी हो, आमच्याकडे नवऱ्यालाही बटण कुठे आहे माहीत नाही." मीही हो हो म्हटलं. कौतुक वाटतंच. पण आज पाठीवर तेल होतं की नाही, मला आता कळत नाही. पीठ न लावताच धुतो त्यामुळे टी-शर्टावर मागचे-पुढचे सगळे डाग एकात एक मिसळून गेलेत, त्यावरून काही वाचायचं म्हणजे कठीणच. आणि त्याला ते तसेच चालतात.

खिसे मात्र तो तपासत नाही. कागद आत राहिला की सगळ्या धुण्यावर पांढरा चुरा. म्हणून ते काम धाकटीने मागून घेतलंय, अर्थात अटी घालून. सापडेल ते तिचं. आत्तापर्यंत तिला खडू, दोनचार नाणी, चिंचोके आणि एक राळेची पुडी मिळाली. परवा एक घडी घातलेली चिठ्ठी मिळाली. दादाची आहे, पण अक्षर दादाचं नाही, एवढंच तिने सांगितलं. पुढचं ऐकायचं असेल तर दहा रुपये. मी पाचापर्यंत आलेय, ती काही खाली उतरत नाही.