तुम्ही विचारलंत म्हणून: जनरेटर सोलरच्या कंट्रोलरला का लावत नाही?

"जनरेटर आहे, सोलरचा कंट्रोलर आहे, मग जनरेटरचा करंट त्यातूनच बॅटरीत सोडायचा की! वेगळा चार्जर कशाला घेतलास?" ताम्हिणीच्या अलीकडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण चहा संपायच्या आत हे विचारतो. फ्लॅटवर इन्व्हर्टर बसवलेला असेल तर जरा जास्तच आत्मविश्वासाने. तुम्हीही विचारलंत. म्हणून एकदाच लिहितो, पुन्हा सांगणार नाही. (सांगेन, माहीत आहे मला.)

कंट्रोलर, म्हणजे पॅनेलचा करंट बेतानं बॅटरीत सोडणारा डबा, बनवलेला असतो पॅनेलसाठी, आणि पॅनेल म्हणजे गरीब गाय. दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या तरी ठरल्यापेक्षा थोडाच जास्त करंट देतं. जनरेटरचं तसं नाही. पीडब्ल्यूएम नावाच्या साध्या, स्वस्त जातीच्या कंट्रोलरमध्ये आत नुसता उघडझाप करणारा स्विच असतो, समोर तगडा सप्लाय आला की करंट अडवणारं कुणीच नाही. माझा एमपीपीटी, म्हणजे वरच्या जातीचा आहे, तो शहाणा. पण त्याचा शहाणपणा म्हणजे जास्तीत जास्त वॅट शोधत ओढत राहणं. आधी मी मध्ये 48 व्होल्टचा पॉवर सप्लाय लावून पाहिला होता. कंट्रोलर ओढायचा, सप्लाय दमून बंद पडायचा, पुन्हा उठायचा. टक्... टक्... टक्. बॅटरीत काही जाईना.

इथेच थांबायला हवं होतं. पण तो आषाढ होता, चार दिवस ऊन नव्हतं, 150 एएचच्या दोन्ही ट्युब्युलर बॅटऱ्या उतरलेल्या, आणि बाबा राहायला आले होते. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेल्या माझ्या इन्व्हर्टरला चार्जरच नव्हता. बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या कॉफी मशीनसाठी घेतलेला, 230 व्होल्टचे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर मात्र घरात होता. कंट्रोलरवर स्पष्ट छापलंय, कमाल 150 व्होल्ट. 110 म्हणजे 150 पेक्षा कमी. झालं! तपकीर गल्लीतून आणलेला, एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर जोडले, जनरेटरची दोरी ओढली.

काही भार नसताना, मोकळा चालताना जनरेटर 245 व्होल्ट देतो. ट्रान्सफॉर्मरमधून त्याचे 117 होतात, आणि रेक्टिफायरपुढचा कपॅसिटर भरतो तो एसी व्होल्टेजच्या शिखरापर्यंत: 117 गुणिले 1.414, म्हणजे 165. तुम्ही म्हणाल, गुणाकार चुकला. चुकला नाही, केलाच नव्हता. कॉलेजात हे आकडे मी घडाघडा म्हणायचो.

फाट्‌ असा एकच आवाज आला. मग तो वास, जळक्या बॅकेलाइटचा, जो पडवीत दोन दिवस राहिला. कंट्रोलर गेला, म्हणजे आता उद्या ऊन पडलं तरी पॅनेलचा उपयोग नाही. रात्रभर घर थेट जनरेटरवर चालवता आलं असतं, पण पेट्रोल तासाभराचंच उरलेलं. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. "झोपा, लाइट आहेत," म्हणालो. पहाटे तीनला इन्व्हर्टरने कट-ऑफ घेतला, म्हणजे बॅटऱ्या फार उतरल्या म्हणून तो आपोआप बंद झाला. बाबा उठले, बटण दाबलं, काही लागलं नाही, आणि न्हाणीच्या पायरीवर पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. पावसात पौडला नेलं, तेव्हा गाडीत ते एवढंच म्हणाले, "सांगायचं होतंस रे, टॉर्च उशाशी घेतली असती."

पायरीवर शेवाळ होतं, हे मी अजूनही सांगतो. बायको म्हणते, शेवाळ जूनपासूनच होतं.

तर आता 20 अँपिअरचा वेगळा चार्जर आहे. सकाळी दोन तास जनरेटर चालवतो आणि बंद करतो. शेवटचं भरणं उन्हावर सोडतो, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी कमी घेते आणि पेट्रोल मात्र तेवढंच जळतं. पण आषाढात ऊन कुठलं? बॅटऱ्या अर्धवट राहतात, बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.190 च्या वर जात नाही, प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणजे माझीही पद्धत काही आदर्श नाही.

आणि खरं सांगायचं तर, करंटला मर्यादा घालता येणारा, 100 व्होल्टच्या आतला सप्लाय लावला तर एमपीपीटीतून चार्जिंग होतं. मी नंतर नव्या कंट्रोलरवर, दिवसाउजेडी, घरात कुणी नसताना करून पाहिलं. 12 अँपिअर गेले, अर्धा तास. म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तरी तो सप्लाय मी काढून ठेवला.

बाबा अजून येतात. पावसाळ्यात नाही, दिवाळीनंतर. येताना स्वतःची टॉर्च आणतात.