लवंग न घातलेल्या बिअरमधली लवंग

बूच सोडवलं आणि बाटलीतली बरीच बिअर टेबलावर गेली, तिथूनच सुरुवात करतो. शॅम्पेनसारखं जाडजूड बूच, त्यावर तारेची जाळी, आणि आम्ही शहाणे, आणताना हिंदकळलेली बाटली तासाभरात उघडायला बसलो. या बेल्जियन स्टाइलच्या बिअर बाटलीतसुद्धा आंबत असतात म्हणजे बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच ठोकतात, मग गॅस आतच तयार होतो आणि नेहमीच्या बिअरपेक्षा प्रेशर बरंच जास्त असतं. म्हणून ती एखादा दिवस उभी करून थंडीत गप बसू द्यायची असते. हे मला माहीत होतं बरं का. पण धीर नाही धरवला.

तर बिअर कुठली, तर एक मसालेदार हॉलिडे एल (एल म्हणजे जरा उबेत आंबवलेली बिअर), गडद रंगाची, 9.5 टक्के अल्कोहोलची, 750 मिलीची बाटली. नाव सांगत नाही कारण पुढे थोडी निंदा येणारे. बेल्जियमची नाही, बेल्जियन स्टाइलची, आणि या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते पिताना कळतंच. पिणारे आम्ही दोघं, मी आणि माझा एक मित्र ज्याच्या मते बिअरमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट सोडून काही गेलं की ती बिअर राहत नाही, त्याला सरबत म्हणायचं.

ग्लासात ओतली तर वरून जवळजवळ काळी, उजेडासमोर धरली की मात्र कडेला लालसर, आणि फेस मळकट पांढरा, दाट, चमच्याने खाता येईल असा. वास घेतला. दालचिनी. पुन्हा घेतला, दालचिनी. घोट घेतला तर आधी दालचिनी, मग संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, मग घशात अल्कोहोलची ऊब, संपलं. मी मनातल्या मनात मार्क द्यायला लागलो होतो (कमी) तेवढ्यात मित्र म्हणाला, "अरे, लवंग केवढी घातलीय यांनी!"

मी म्हणलं हो रे, आहे खरी. मागचं लेबल वाचलं. दालचिनी, धणे, संत्र्याची साल. बाटली फिरवून फिरवून वाचली, लवंग कुठेच नाही.

आता इथे मला जरा मिरवायला मिळालं कारण ही गोष्ट मला माहीत होती. लवंग यीस्ट बनवतं. बार्लीच्या आणि गव्हाच्या माल्टमध्ये फेरुलिक अ‍ॅसिड नावाचं एक द्रव्य असतं, बेल्जियन एलची बरीचशी यीस्टं आंबवताना त्याचं 4-व्हिनाइल ग्वायाकॉल करतात, आणि त्याचा वास लवंगेसारखा येतो. खऱ्या लवंगेत जो वास असतो तो मुख्यतः युजेनॉलचा, ही दोन्ही रसायनं एकमेकांची चुलत भावंडं शोभतील इतकी सारखी, त्यामुळे नाक फसतं. केळ्याचा वास येतो तोही यीस्टचाच, त्याचं नाव आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट, आणि त्यातही कुणी केळं टाकलेलं नसतं. लागर बिअर 10 डिग्रीच्या आसपास थंडीत सावकाश आंबवतात म्हणून यीस्ट असले उद्योग फारसं करत नाही, इथे मात्र 20 च्या वर, कधी कधी 25 च्याही पुढे जाऊ देतात आणि मग त्या भांड्यात वासांची जत्रा भरते.

म्हणजे ब्रूअरला अर्धा मसाला फुकटात मिळालेला असतो! त्यावर अजून किती टाकायचा हा खरा प्रश्न आणि माझ्या मते या बिअरवाल्याचं गणित तिथेच चुकलं. त्याने मसाल्याचं माप पाण्यात धरलं असावं, यीस्टचा वाटा धरलाच नाही.

मित्राला हे ऐकून आनंदच झाला. त्याचं म्हणणं, बघ, यीस्टच सगळं करतंय तर मसाला हवाच कशाला. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली कायदाच झाला होता की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच, हे त्याचं आवडतं ब्रह्मास्त्र, दर वेळी काढतो. (त्या कायद्यात यीस्टचं नावसुद्धा नाही हे मी दर वेळी सांगतो, तो दर वेळी ऐकत नाही.) पण बेल्जियमला असला कायदा कधी चिकटला नाही, आणि त्याहून जुनी गोष्ट म्हणजे हॉप्स रुळायच्या आधी त्या भागात बिअर ग्रुइटवर बनायची, म्हणजे रानटी झुडपांच्या पानाफुलांचं मिश्रण, आणि ग्रुइट विकण्याचा हक्क हीच मोठी कमाई असायची. बेल्जियमच्या ब्रुज शहरातल्या एका सरदार घराण्याचं नावच त्यावरून पडलं, ग्रुटहुस, त्यांचा वाडा आज म्युझियम आहे. मग सरबत कुणाचं आणि बिअर कुणाची?

आणि दुसरं, हाच मित्र गव्हाची पांढरी बिअर गटागटा पितो. ती तरी काय आहे, धणे आणि संत्र्याची साल! ती स्टाइल जवळजवळ संपली होती, पियर सेलिस नावाच्या माणसाने 1966 मध्ये हुगार्डन गावात परत सुरू केली म्हणून आज मिळते. हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प झाला आणि मग म्हणाला त्यात मसाला कळत नाही. अगदी बरोबर! कळत नाही म्हणूनच चांगली लागते. या बाटलीतही धणे होते ना, आम्हाला दोघांनाही धणे म्हणून ओळखू आले नाहीत, फक्त कुठेतरी लिंबासारखी एक हलकी झुळूक होती, आणि धण्यांनी एवढंच करायचं असतं.

ख्रिसमस बिअर म्हणजे मसाला हेही खरं नाहीच. बेल्जियममध्ये त्याची ठरलेली अशी रेसिपीच नाही, थंडीसाठी ब्रूअरीने आपली जरा जास्त दमदार बिअर काढायची, एवढंच. शूफ ब्रूअरीवाल्यांची थंडीतली बिअर 10 टक्के, गडद, तिच्यात थाइम आणि कुरासाओ संत्र्याची साल. वातू गावच्या सेंट बर्नार्डस ब्रूअरीचीही 10 टक्के आणि गडद. द्युपाँ ब्रूअरीची चक्क सोनेरी, 9.5 टक्के, 1970 पासूनची, आधी नवीन वर्षाची भेट म्हणून ग्राहकांना द्यायला बनवली होती आणि नावातच शुभेच्छा आहेत. एसेन गावची स्टिले नाख्ट नावाची बिअर 12 टक्के. आणि गंमत म्हणजे स्टेला आर्टवा, जिला आज कुणी सणाची बिअर म्हणणार नाही, ती 1926 मध्ये लूव्हनमध्ये ख्रिसमससाठीच काढली होती, स्टेला म्हणजे तारा, तो ख्रिसमसचा तारा. अँटवर्प प्रांतात एसेन नावाचंच अजून एक गाव आहे (स्टिले नाख्टवालं एसेन वेगळं, गोंधळू नका, मी गोंधळलो होतो), तिथे डिसेंबरमध्ये फक्त ख्रिसमस बिअरचा मेळा भरतो.

या सगळ्या वादात आमचे ग्लास अर्धे तसेच राहिले, पाऊण तास तरी. फेस बसला, ग्लास हाताला गार लागेनासा झाला. मी सहज घोट घेतला आणि थांबलो. ही वेगळीच बिअर होती.

मनुका. काळ्या मनुका, खजूर, जळायच्या बेतात आलेल्या साखरेचा पाक. हे कुठे होतं इतका वेळ? उत्तर सोपं आहे, फ्रिजमधून काढलेली 4 डिग्रीची बिअर वास सोडतच नाही, त्या थंडीतून जो सगळ्यात दांडगा असेल तोच बाहेर येतो, म्हणजे दालचिनी. 10-12 डिग्रीला आली की बाकीचे बोलायला लागतात. हे मनुका-खजूर मुख्यतः गडद कँडी साखरेच्या पाकातून येतात, ही साखर बेल्जियन लोक घालतात कारण ती जवळजवळ सगळी आंबून जाते, अल्कोहोल वाढतो पण बिअर काकवीसारखी जड होत नाही. 9.5 टक्के असूनही ही बिअर जिभेवर हलकी का, तर हे.

मित्राने वास घेतला, परत घेतला आणि म्हणाला, "लवंग आहे अजून, पण आता त्रास देत नाहीये." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तरी मार्क पूर्ण नाही देणार. शेवटी जिभेवर जो कोरडेपणा उरतो, दालचिनीची काडी चघळल्यावर उरतो तसा लाकडी, तो गरम झाल्यावरही गेला नाही. वास कमी-जास्त होतो हो, पण तो तुरटपणा बिअरमध्ये उतरला की उतरला. दालचिनी जास्त वेळ भिजली असणार असा आपला माझा अंदाज. निम्मी टाकली असती तर मी ही बिअर चार लोकांना सांगितली असती.

एक हिशोब मात्र नंतर केला, आधी करायला हवा होता. 750 मिली गुणिले 9.5 टक्के म्हणजे 71 मिली शुद्ध अल्कोहोल, आणि 5 टक्क्यांच्या 330 मिलीच्या बाटलीत साडेसोळा. म्हणजे ती एक बाटली साध्या चारहून जास्त बाटल्यांची होती, दोघांत वाटून (आणि टेबलाने आपला हिस्सा घेऊनही) ज्याला त्याला दोनच्या आसपास आल्या आणि आम्ही एकच ग्लास तर घेतोय म्हणून निवांत होतो. गाडीची किल्ली आधीच बाजूला ठेवलेली, तेवढी अक्कल होती.

तळाचा गाळ मी नेहमी सोडतो, यीस्टच असतं ते, वाईट काही नाही पण बिअर गढूळ होते आणि पावासारखा कच्चट वास येतो. मित्राने बाटली गोल फिरवून गाळासकट शेवटचं सगळं स्वतःच्या ग्लासात ओतलं. शुद्धतावादी म्हणे!

दुसरी बाटली आहे अजून. एवढ्या अल्कोहोलची बिअर अंधारात, गार जागी वर्षभर आरामात राहते आणि तेवढ्यात मसाला मवाळ होतो, तर दालचिनी खाली बसते का ते पुढच्या डिसेंबरला बघू. बाटली कपाटात मागे उभी केलीय, मित्राने जाताना त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घातली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "लवंग?"