एआयच्या मदतीने लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरायचं की नाही: माझा अनुभव

काकांची नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्यांची अडत आहे. मृग बहाराची आवक सुरू होण्याआधी तिथल्या हिशोबाचा रोजचा बॅकअप लावून देणं माझ्याकडे आलं. चांगलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळालंही, पण माहितीतच लिहिलं होतं, ‘बराच कोड एआयच्या मदतीने लिहिला आहे.’ दिवाणजी म्हणाले, “मशीननं लिहिलं त्यावर मशीननंच भरवसा ठेवावा. मी काऊन ठेवू?”

माणसाने लिहिलं म्हणून तरी कुठे निर्धास्त राहता येतं? २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट (बॅकडोअर) सापडली. ती घालणाऱ्याने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून आधी विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, म्हणून ती उघडकीला आली. तिला जागं करणारा तुकडा प्रकाशित केलेल्या पॅकेजात होता, गिटमधल्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या, सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) नव्हता. म्हणून मीही तयार फाइल न घेता गिटमधल्या सोर्सवरून सॉफ्टवेअर स्वतःच बिल्ड केलं, म्हणजे तयार करून घेतलं.

एआयची एक खोड मात्र वेगळी. ते कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (सॉफ्टवेअरमध्ये वापरायच्या दुसऱ्याच्या तयार कोडचं) नाव ठोकून देतं, आणि त्याच नावाने कुणी घातक पॅकेज चढवून ठेवू शकतो. त्यामुळे हे सॉफ्टवेअर वापरतं त्या पॅकेजांच्या यादीतलं प्रत्येक पॅकेज किती जुनं, कोण वापरतं, हे पाहिलं. कंटाळवाणं काम, पण सगळी ओळखीची निघाली.

खरा वेळ गेला टेस्टमध्ये, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. सगळ्या पास होत होत्या, म्हणूनच शंका आली. मी मुद्दाम चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का हे सांगणारा आकडा) तपासणारी ओळ बंद केली आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. तरी सगळं हिरवंगार! म्हणजे ती तपासणीच बिघडली, तर बॅकअप खराब झाला तरी कुणाला कळलं नसतं. मी मेंटेनरला, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला, कळवलं. त्याने चूक नेमकी कुठे, ते स्वतःच्या शब्दांत समजावलं आणि खराब फाइल दिल्यावर रिस्टोर थांबलंच पाहिजे, अशी टेस्ट जोडली. तिथे माझं मत बदललं. त्याला आपला कोड कळत होता. टाइप कुणी केला, याची मला फिकीर उरली नाही. जेंटू आणि नेटबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेला कोड घेण्यावर बंधनं घातली, त्यात कॉपीराइटचीही चिंता होती. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं. अडतीचा प्रश्न वेगळा.

शेवटी जुन्या संगणकाचं इंटरनेट काढून गेल्या हंगामाच्या हिशोबाची नक्कल चढवली, बॅकअप घेतला, मूळ फाइल पुसली आणि रिस्टोर केलं. दिवाणजींनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढून हमाली, तोलाई, अडत सगळं ताडून पाहिलं. बेरजा जुळल्या.

आता रोज रात्री बॅकअप होतो. आपोआप अपडेट बंद ठेवलंय; नवी आवृत्ती आली की आधी त्या जुन्या संगणकावर हाच खटाटोप.